अक्षरांच्या गर्दीतला आकडा संगणकाला कसा कळतो?

बीसीए, बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स किंवा इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलमध्ये एक उदाहरण हमखास असतं. ‘क१ख२ग३’ अशी अक्षरं आणि आकडे मिसळलेली ओळ दिलेली असते आणि तिच्यातल्या आकड्यांची बेरीज करायची असते. उत्तर ६, हे दुसरीतलं मूलही सांगेल. सी भाषेत मात्र वरवर बिनचूक दिसणारा प्रोग्रॅम लिहिला तरी स्क्रीनवर १५० येतात. पायथनमध्ये तोच प्रयत्न केला तर प्रोग्रॅम चूक दाखवून मध्येच थांबतो. जावास्क्रिप्टमध्ये ‘०१२३’ मिळतं. प्रश्न एक, भाषा तीन, उत्तरं तीन आणि त्यातलं एकही बरोबर नाही.

नव्याने शिकणारी बरीच मुलं इथे हिरमुसतात आणि ‘आपल्याला हे जमणार नाही’ असं ठरवून टाकतात. ते मला पटत नाही, कारण ज्या गोष्टीपाशी ती अडखळतात, तिथे कसलेले प्रोग्रॅमरही अडखळतात. ऑनलाइन अर्ज मराठी आकडे नाकारतात, एक्सेल गट नंबराची तारीख करून टाकतं, शास्त्रज्ञांना जनुकांची नावं बदलावी लागतात. या सगळ्याचं मूळ या एवढ्याशा उदाहरणात आहे.

पुढे वाचण्याआधी एक खुलासा. या लेखात सगळे आकडे देवनागरीत छापले आहेत. मराठी आकड्यांचा विषय स्वतंत्रपणे येईपर्यंत ते कीबोर्डवरचे नेहमीचे इंग्रजी आकडे आहेत असं समजा.

१५० आले कुठून?

संगणकाच्या स्मृतीत ‘क’ नसतो, प्रश्नचिन्ह नसतं आणि ७ ही आकृतीही नसते. तिथे फक्त संख्या साठवता येतात. म्हणून प्रत्येक चिन्हाला एक ठरावीक क्रमांक दिलेला असतो, त्याला आपण संकेतांक म्हणू. अशी चिन्हं एकापुढे एक ठेवली की जी ओळ तयार होते, तिला प्रोग्रॅमिंगमध्ये स्ट्रिंग म्हणतात. या लेखात पारिभाषिक म्हणावेत असे शब्द मुख्यतः हे दोनच.

अमेरिकेत १९६३ साली आस्की नावाचं मानक प्रसिद्ध झालं आणि आजही जगातला बहुतेक मजकूर त्याच्याच पायावर उभा आहे. आस्कीमध्ये ० या चिन्हाचा संकेतांक ४८ आहे, १ चा ४९, २ चा ५० आणि असं करत ९ चा ५७. आता ४९, ५० आणि ५१ यांची बेरीज करून पाहा. सी भाषेने चिन्हांचे संकेतांक मिळवले आणि १५० हे उत्तर दिलं. तिच्या दृष्टीने बेरीज अगदी बरोबर आहे.

४८ हाच आकडा का, असा प्रश्न काहींना पडतो आणि तो रास्त आहे. आस्कीचे संकेतांक सात बिटांचे, बिट म्हणजे ० किंवा १ मावणारं एक स्थान. द्विमान, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून संख्या लिहिण्याच्या, पद्धतीत ४८ म्हणजे ०११००००, आणि ७ या चिन्हाचा संकेतांक ५५ म्हणजे ०११०१११. शेवटची चार स्थानं बघा, पहिल्यात ०००० आहे आणि दुसऱ्यात ०१११, म्हणजे सात. सुरुवातीचे तीन बिट बाजूला ठेवले की अंकाची किंमत आपोआप हाती येते. ४८ पासून केलेली सुरुवात सोळाच्या पटीत बसते म्हणून हे शक्य होतं.

आपल्याला बिटांशी खेळायची गरज नाही. चिन्हाच्या संकेतांकातून ४८ वजा केले की किंमत मिळते, ५५ वजा ४८ म्हणजे ७. प्रोग्रॅममध्ये मात्र ४८ हा आकडा लिहू नका, ‘० या चिन्हाचा संकेतांक वजा कर’ असं लिहा. हा शिष्टाचाराचा मुद्दा नाही. आयबीएमच्या मोठ्या यंत्रांवर एब्सिडिक नावाची वेगळी पद्धत आहे, तिच्यात ० ते ९ हे अंक २४० ते २४९ वर बसतात. तिथे ४८ वजा करणारा प्रोग्रॅम भलतंच उत्तर देईल, शून्याचं चिन्ह वजा करणारा बरोबर चालेल. सी भाषेच्या मानकाने दहाही अंकांचे संकेतांक सलग असतील अशी हमी दिलेली आहे. अक्षरांबद्दल अशी हमी नाही. एब्सिडिकमध्ये इंग्रजी कॅपिटल ‘आय’ २०१ वर आहे आणि त्याच्या पुढचं ‘जे’ एकदम २०९ वर.

पायथनने या जागी वेगळा मार्ग धरला आहे. तिथे चिन्हाचा संकेतांक हवा असेल तर ‘ऑर्ड’ हे फंक्शन (ठरावीक काम करून देणारा छोटा प्रोग्रॅम) वापरायचं आणि किंमत हवी असेल तर ‘इंट’. दोन्हीपैकी काहीच न सांगता स्ट्रिंगमध्ये संख्या मिळवायला गेलात तर पायथन नकार देतो. जावास्क्रिप्ट नकार देत नाही, स्वतःच अंदाज बांधतं. स्ट्रिंगमधला ५ अधिक ३ केलं तर ते जोडून ‘५३’ देतं, वजा ३ केलं तर मात्र २ देतं. सुरुवातीला दिसलेलं ‘०१२३’ याच जोडण्यातून आलं, बेरीज ज्या ० पासून सुरू केली त्यालाच १, २ आणि ३ जोडले गेले. नवशिक्यांना पायथनचं अडणं कटकटीचं वाटतं, पण माझ्या मते तेच त्यांच्या भल्याचं आहे. चुकीचं उत्तर देऊन पुढे जाणाऱ्या प्रोग्रॅमपेक्षा थांबणारा प्रोग्रॅम केव्हाही बरा. अर्थात पायथनही एका ठिकाणी गप्प राहतो. स्ट्रिंगमधल्या ‘५’ ला ३ ने गुणलं तर तिथे १५ येत नाहीत, ‘५५५’ येतं.

अंकांची बेरीज वेगळी, संख्यांची बेरीज वेगळी

आता ओळ थोडी बदलू: ‘क१२ख३ग४५’. हिच्यातल्या ‘आकड्यांची’ बेरीज किती? एकेक अंक घेतला तर १, २, ३, ४ आणि ५ मिळून १५. सलग अंकांची मिळून एक संख्या धरली तर १२, ३ आणि ४५ मिळून ६०. प्रश्नपत्रिकेत यातलं काय अपेक्षित आहे हे स्पष्ट नसेल तर विद्यार्थ्याने ते विचारलं पाहिजे, कारण दोन्हींसाठी लिहायचा प्रोग्रॅम वेगळा आहे.

पहिला सोपा आहे. ओळीतलं एकेक चिन्ह घ्यायचं. त्याचा संकेतांक ० आणि ९ यांच्या संकेतांकांच्या दरम्यान आहे का बघायचं. असेल तर किंमत काढून बेरजेत टाकायची, नसेल तर पुढे जायचं.

दुसऱ्यासाठी थोडी स्मरणशक्ती लागते. ‘१’ दिसला तेव्हा ही संख्या एक आहे, बारा आहे की बाराशे, हे पुढचं चिन्ह पाहिल्याशिवाय कळत नाही. म्हणून ‘चालू संख्या’ नावाचा एक कप्पा ठेवायचा आणि तो शून्यावर ठेवून सुरुवात करायची. अंक दिसला की हे सूत्र लावायचं:

चालू संख्या = चालू संख्या × १० + अंक

‘१’ आला: ० × १० + १, म्हणजे १. ‘२’ आला: १ × १० + २, म्हणजे १२. मग ‘ख’ आला. तो अंक नाही, म्हणजे संख्या संपली. आता १२ बेरजेत टाकायचे आणि कप्पा परत शून्यावर आणायचा. दहाने का गुणायचं, तर उजवीकडे नवा अंक आला की आधीचा एककाचा दशक होतो आणि दशकाचा शतक. शाळेत शिकलेलं एकक-दशक-शतक हेच, फक्त ते डावीकडून उजवीकडे वाचत वाचत उभारायचं.

या प्रोग्रॅममध्ये एक चूक इतकी नेमाने होते की ती वेगळी सांगायलाच हवी. ‘क१२ख३ग४५’ या ओळीचं उत्तर ६० ऐवजी १५ येतं. कारण संख्या बेरजेत टाकण्याचं काम ‘अंक नसलेलं चिन्ह’ दिसल्यावर होतं आणि ४५ नंतर तसं चिन्हच नाही. ओळ संपते आणि ४५ कप्प्यातच राहून जातात. गंमत म्हणजे याच ओळीतल्या सुट्या अंकांची बेरीजही १५ आहे, त्यामुळे तपासणाऱ्याचाही घोळ होऊ शकतो. उपाय साधा आहे. ओळ संपल्यावर कप्प्यात जे उरलं असेल ते एकदा बेरजेत टाकायचं. पण हा उपाय पाठ करू नका, कागदावर रकाने आखून प्रत्येक चिन्हानंतर कप्प्यात काय आहे ते लिहा. एकदा हाताने केलं की हा प्रकार डोक्यात पक्का बसतो.

तयार फंक्शन असताना हा खटाटोप कशाला?

हा आक्षेप वर्गात कोणीतरी घेतोच, आणि त्यात तथ्य आहे. प्रत्येक भाषेत स्ट्रिंगची संख्या करून देणारं फंक्शन असतं. नोकरीत रोजच्या कामासाठी तेच वापरावं. अडचण एवढीच की मिसळीच्या मजकुरावर ही फंक्शनं एकसारखी वागत नाहीत.

‘१२किलो’ ही स्ट्रिंग घ्या. पायथनचं ‘इंट’ ती सपशेल नाकारतं. जावास्क्रिप्टचं ‘पार्सइंट’ सुरुवातीचे अंक घेऊन १२ देतं आणि ‘किलो’ सोडून देतं. त्याच जावास्क्रिप्टचं ‘नंबर’ मात्र ‘ही संख्या नाही’ असं सांगतं. सीमधलं ‘एटॉय’ १२ देतं. ‘किलो१२’ दिलंत तर ‘एटॉय’ शून्य देतं, आणि मुळात शून्यच लिहिलं होतं की काहीच सापडलं नाही, हे त्या उत्तरावरून कळायला मार्ग नसतो. म्हणून जाणकार सीमध्ये ‘स्ट्रटॉल’ वापरतात. ते संख्या देतंच, शिवाय वाचन कुठे थांबलं तेही सांगतं.

आपल्याकडे याचा फटका स्वल्पविरामामुळे बसतो. सव्वा लाख आपण १,२५,००० असे लिहितो. ‘पार्सइंट’ला हे दिलं तर ते पहिल्या स्वल्पविरामापाशी थांबतं आणि उत्तर येतं १. सव्वा लाखाचा एक रुपया होतो आणि कुठेही चुकीची सूचना येत नाही. स्वल्पविराम आधी काढून टाकणं हा उपाय आहे, पण मग ‘खोली ३,४’ मधल्या दोन खोल्यांची चौतीस नंबरची खोली होते. कुठला स्वल्पविराम लाखाचा आणि कुठला यादीचा, हे फंक्शनला ठाऊक नसतं. ते ठरवायचं काम प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचं आहे.

पुढे लावलेल्या शून्याचीही अशीच एक जुनी गोष्ट आहे. सी भाषेत आकड्याच्या आधी शून्य लिहिलं की तो आठच्या पायातला, म्हणजे दहाऐवजी आठाच्या गटांनी मोजलेला, समजला जातो, म्हणून सीमध्ये ०१० म्हणजे आठ. हीच सवय पूर्वी जावास्क्रिप्टच्या ‘पार्सइंट’मध्येही बऱ्याच ब्राउझरांत उतरली होती. आठच्या पायात ८ आणि ९ हे अंक नसतात. परिणामी तारखेतला महिना ‘०७’ पर्यंत नीट वाचला जाई आणि ‘०८’ व ‘०९’ चे शून्य होत. जुलैपर्यंत सुरळीत चाललेल्या वेबसाइट ऑगस्ट आणि सप्टेंबरमध्ये कोलमडायच्या. २००९ च्या मानकाने ही वागणूक काढून टाकली.

मराठी आकडे टाकले तर?

आता इथून पुढे देवनागरी आकडा म्हणजे खरोखरच देवनागरी आकडा. मुंबईत बेस्टच्या बसवर क्रमांक मराठीत असतो, सातबारावर क्षेत्र मराठी आकड्यांत असतं, आणि मोबाइलवर मराठी कीबोर्ड लावला की अर्जात वय ‘४५’ असं सहज टाकलं जातं. मग अर्ज म्हणतो, ‘कृपया योग्य संख्या भरा.’ भरणाऱ्याने तर योग्यच संख्या भरलेली असते.

जगातल्या लिप्यांना एकाच यादीत आणणाऱ्या युनिकोड मानकात देवनागरी ० चा संकेतांक २४०६ आहे आणि ९ चा २४१५. इथेही दहा अंक सलग आहेत, म्हणजे २४०६ वजा केले की किंमत मिळते. पण जो प्रोग्रॅम फक्त ४८ ते ५७ तपासतो, त्याच्या दृष्टीने मराठी ७ हा अंकच नाही. त्याचा संकेतांक २४१३. सीमध्ये तर आणखी एक गुंता आहे. युनिकोडचे संकेतांक साठवायच्या यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत देवनागरी ७ साठवायला तीन बाइट (आठ-आठ बिटांचे तुकडे) लागतात: २२४, १६५ आणि १७३. सीमधला साधा प्रोग्रॅम एका वेळी एकच बाइट पाहतो, म्हणून त्याला एका अंकाच्या जागी तीन अनोळखी चिन्हं दिसतात.

इतर भाषांचं काय? पायथन ३ आणि जावा यांची नेहमीची फंक्शनं मराठी ‘४५’ बिनतक्रार ४५ म्हणून वाचतात. जावास्क्रिप्ट वाचत नाही. सी-शार्पमध्ये आणखीच चमत्कारिक प्रकार आहे. ‘हा अंक आहे का?’ असं विचारलं तर ते मराठी ७ ला हो म्हणतं, आणि संख्या करायला दिलं की नाकारतं. म्हणजे तपासणीतून पार झालेली माहिती पुढच्याच पायरीवर अडते. अशा चुका शोधायला सगळ्यात त्रासदायक असतात, कारण तपासणी तर केलेली असते.

पायथनमध्येही हा सापळा आहे, पण दुसऱ्या रूपात. तिथे ‘इझडिजिट’, ‘इझडेसिमल’ आणि ‘इझन्यूमरिक’ अशी तीन फंक्शनं आहेत आणि बहुतेक पाठ्यपुस्तकं पहिलंच शिकवतात. चौरस मीटर लिहिताना वर छोटा २ लिहितो ना, ते युनिकोडमधलं स्वतंत्र चिन्ह आहे. ‘इझडिजिट’ त्याला अंक मानतं, ‘इंट’ त्याला नाकारतं. ‘इझन्यूमरिक’ तर अर्ध्याच्या एकाच चिन्हालाही होकार देतं. पुढे ‘इंट’ वापरायचं असेल तर ‘इझडेसिमल’ तपासा. जे चिन्ह त्यातून पार होतं, ते ‘इंट’ला चालतं.

मग मराठी आकडे सरळ बंदच का करू नयेत?

हे म्हणणारे राज्यघटनेचं कलम ३४३ दाखवतात. त्यात संघराज्याच्या कामकाजासाठी भारतीय अंकांचं आंतरराष्ट्रीय रूप सांगितलं आहे. गाडीच्या नंबरप्लेटसाठीही केंद्राच्या नियमांनुसार इंग्रजी अक्षरं आणि आंतरराष्ट्रीय अंकच लागतात. पण अंक साठवायचे कसे आणि माणसाने ते टाकायचे कसे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साठवताना खुशाल एकच रूप ठेवा. टाकताना मात्र ज्याला जे लिहिता येतं ते स्वीकारा. ज्या आजोबांचं सगळं शिक्षण मराठीत झालं, ज्यांची सगळी कागदपत्रं मराठी आकड्यांत आहेत, त्यांना अर्जाने परत पाठवावं हे मला अजिबात मान्य नाही. त्यासाठी लागणारं काम किती, तर स्ट्रिंग आत येताक्षणी २४०६ ते २४१५ मधल्या प्रत्येक संकेतांकातून २३५८ वजा करायचे, म्हणजे ते ४८ ते ५७ मध्ये येऊन बसतात. चार ओळींचा प्रोग्रॅम.

सुरक्षेचा मुद्दा मात्र खरा आहे. बंगाली लिपीतला चार दिसायला इंग्रजी आठसारखा असतो. पायथनचं ‘इंट’ कुठल्याही लिपीतले अंक एकाच संख्येत मिसळले तरी चालवून घेतं, म्हणून डोळ्यांना ८० दिसणारी रक्कम प्रत्यक्षात ४० असू शकते. म्हणून ज्या लिप्या आपल्या वापरणाऱ्यांना लागतात तेवढ्याच स्वीकाराव्यात आणि एकाच संख्येत दोन लिप्या आल्या तर थांबून विचारावं. सरसकट बंदी घालण्याची गरज त्यातून निघत नाही.

आकडे दिसले म्हणजे संख्या असतेच असं नाही

सचिन तेंडुलकरच्या जर्सीवर १० होता आणि धोनीच्या जर्सीवर ७. त्यांची बेरीज १७ होते, पण त्या सतराला काही अर्थ नाही. ते आकडे किती हे सांगत नाहीत, कोण हे सांगतात. प्रोग्रॅममध्ये येणारे निम्म्याहून अधिक आकडे मला तरी याच जातीचे दिसतात: मोबाइल नंबर, पिनकोड, आधार क्रमांक, खाते क्रमांक, हजेरी क्रमांक. यांच्यावर बेरीज-वजाबाकी होत नाही, मग त्यांची संख्या करायचीच कशाला?

केली तर काय होतं बघा. पुण्याचा एसटीडी कोड ०२०, संख्या केली की उरतात २०. कोल्हापूरच्या गाडीच्या नंबरातला ०९ नुसता ९ होतो. सी किंवा जावामध्ये संख्या ठेवायच्या नेहमीच्या इंट नावाच्या प्रकारात साधारणपणे २१४७४८३६४७ पर्यंतचीच संख्या मावते. भारतातला मोबाइल नंबर दहा अंकी आणि ६, ७, ८ किंवा ९ ने सुरू होणारा, म्हणजे एकही मोबाइल नंबर त्यात मावत नाही. एक्सेल १५ अंकांपर्यंतच अचूक असतं, त्यामुळे सोळा अंकी कार्ड क्रमांक संख्या म्हणून टाकला की शेवटच्या अंकाचं शून्य होतं.

एक्सेलची गोष्ट निघालीच आहे तर जनुकांबद्दल सांगायला हवं. माणसाच्या एका जनुकाचं संक्षिप्त नाव इंग्रजीत ‘सेप्ट१’ असं होतं, दुसऱ्याचं ‘मार्च१’. ही नावं एक्सेलमध्ये टाकली की त्यांच्या तारखा व्हायच्या, १ सप्टेंबर आणि १ मार्च. ‘२३१०००९ई१३’ अशा एका नोंदक्रमांकातला ‘ई’ दशघाताची खूण समजला जायचा आणि त्याची तेरा शून्यं जोडलेली अवाढव्य संख्या व्हायची. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत, एक्सेलमधल्या जनुकयाद्या सोबत जोडलेल्या शोधनिबंधांपैकी सुमारे एक पंचमांश निबंधांत असे बिघाड आढळले. शेवटी २०२० मध्ये जनुकांची नावं ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समितीने माघार घेतली. ‘सेप्ट१’ चं ‘सेप्टिन१’ झालं आणि ‘मार्च१’ चं ‘मार्चएफ१’. प्रोग्रॅमने केलेल्या अंदाजापायी विज्ञानाला आपली नावं बदलावी लागली.

आपल्याकडे हेच गट नंबरांच्या बाबतीत घडतं. इंग्रजी आकड्यांत ‘१२/३’ टाइप केलं की एक्सेल त्याची तारीख करतं. गट क्रमांक बाराचा तिसरा हिस्सा त्या चौकटीतून नाहीसा होतो आणि मागे जो उरतो तो तारखेमागचा अंतर्गत क्रमांक असतो. उपाय आहे, पण तो आधी करावा लागतो. रकाना निवडून त्याचा प्रकार ‘टेक्स्ट’ करायचा आणि मगच माहिती भरायची. उशीर झाला तर मूळ नोंद त्या चौकटीतून परत मिळवता येत नाही.

उलटी अडचण क्रम लावताना येते. स्ट्रिंग म्हणून ठेवलेले नंबर चढत्या क्रमाने लावले की १, १०, ११, २ असा क्रम येतो, कारण तुलना पहिल्या चिन्हापासून सुरू होते आणि १ हा २ च्या आधी येतो. ‘फोटो१०’ ही फाइल ‘फोटो२’ च्या आधी दिसते ती यामुळे. इथे साठवताना स्ट्रिंगच ठेवायची, फक्त तुलना करताना अक्षरांचे आणि अंकांचे तुकडे वेगळे काढून अंकांच्या तुकड्यांची संख्या म्हणून तुलना करायची. वर शिकलेला ‘चालू संख्या’ कप्पा इथे पुन्हा कामाला येतो.

एका ओळीत होणारं काम एआय करून देतो, मग शिकायचं कशाला?

मजकुरातला ठरावीक नमुना शोधण्यासाठी रेग्युलर एक्सप्रेशन नावाची सांकेतिक भाषा असते. तिच्यात ‘सलग अंक शोध’ हे दोन-तीन चिन्हांत लिहिता येतं, आणि एआयला विचारलं तर ते तो नमुना क्षणात लिहून देतं. वापरा जरूर. पण नमुना लिहिण्याच्या आधीचा प्रश्न शिल्लकच राहतो: या ओळीतला आकडा म्हणजे काय? ‘२०२४-२५’ मधली आडवी रेघ वजाचं चिन्ह आहे का? ऋण संख्याही पकडणाऱ्या नमुन्याला इथे २०२४ आणि उणे २५ सापडतील. लग्नपत्रिकेत ‘सकाळी १०.३० वा.’ असतं, तो दशांश अपूर्णांक नव्हे. ‘७/१२’ म्हणजे शून्य पूर्णांक अठ्ठावन्न शतांश नव्हे. महाराष्ट्रात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. प्रोग्रॅमला सांगावं लागतं, आणि एआयलाही ते विचारण्याच्या प्रश्नातच घालावं लागतं.

पत्त्यातून पिनकोड काढणं हे यासाठी उत्तम सराव-उदाहरण आहे. ही पद्धत १५ ऑगस्ट १९७२ पासून सुरू झाली आणि तिची आखणी केली श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी, दळणवळण मंत्रालयातले वरिष्ठ अधिकारी आणि संस्कृतचे विद्वान. पिनकोड सहा अंकी असतो आणि पहिला अंक विभाग सांगतो. महाराष्ट्र आणि गोवा ४ मध्ये येतात. पहिला अंक शून्य कधीच नसतो.

‘सलग सहा अंक शोध’ एवढंच सांगितलं तर पत्त्यात आधी मोबाइल नंबर आला की त्याचे पहिले सहा अंक पिनकोड म्हणून उचलले जातील. म्हणून सहा अंकांच्या आधी आणि नंतर अंक नसावा ही अट घालावी लागते. ती घातली की ‘४११ ०३०’ असा मधे जागा सोडून लिहिलेला पिनकोड निसटतो, कारण तिथे तीन-तीन अंकांचे दोन तुकडे आहेत. जागेची मुभा दिली की ‘फ्लॅट ४०२ १०५ शनिवार पेठ’ सारख्या पत्त्यात घराचे दोन क्रमांक जुळून एक खोटा पिनकोड तयार होऊ शकतो. त्यावर, सापडलेल्यांपैकी शेवटचा घ्यावा असं ठरवता येतं, कारण पिनकोड बहुधा पत्त्याच्या शेवटी असतो. पण शेवटी फोन नंबर मधे जागा सोडून लिहिला असेल तर पुन्हा तपासणी आली. प्रत्येक अटीमागे पत्ते लिहिण्याची कुणाची तरी खरी सवय असते, आणि ती सवय पाहिल्याशिवाय अट सुचत नाही. म्हणून विद्यार्थ्यांनी मनाने रचलेल्या चार ओळींवर प्रोग्रॅम तपासू नये. घरातले जुने लिफाफे, लग्नपत्रिका, पावत्या समोर घ्याव्यात आणि त्यावरचे पत्ते जसेच्या तसे टाइप करून बघावेत.

त्यात एक पत्ता असा नक्की सापडेल की ज्याच्या शेवटी नुसतं ‘पुणे ३०’ किंवा ‘मुंबई २८’ लिहिलेलं आहे. पोस्टमनला ते पुरतं. पुणे ३० म्हणजे ४११०३०, मुंबई २८ म्हणजे ४०००२८. प्रोग्रॅमला हवं असेल तर शहरांच्या नावांसमोर पिनकोडचे पहिले चार अंक लिहिलेली एक छोटी यादी द्यावी लागेल, आणि दोन अंक सापडल्यावर ते त्या शहराच्या नावाला लागूनच आले आहेत ना हे पाहावं लागेल. त्या यादीत शहर नसेल तर प्रोग्रॅमने रिकामी जागा ठेवावी आणि पत्ता माणसाकडे पाठवावा. शून्य भरू नये.